घरातलं सर्वांत धाकटं पोर आधी विचारतं

आमच्या साक्रीत ज्यू म्हटलं की डोळ्यांपुढे दूरचा इस्रायल येतो. पण कोकणातले बेने इस्रायली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. शनिवारी घाणा का थांबतो, हे तिथल्या मुलाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

ज्यू धर्मात लहान मुलांना शिकवायचं ते मुख्यतः घरात, हाताला आणि जिभेला वळण लावून. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी आई शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावते. काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत पेल्यात ओततात; त्यावर प्रार्थना झाली की मुलांनाही घोट मिळतो. ‘शेमा’ ही प्रार्थना म्हणताना डोळ्यांवर हात ठेवायचा, दारातून जाता-येता चौकटीवरच्या मेझुझाला (धर्मवचनांच्या डबीला) स्पर्श करून बोटांचं चुंबन घ्यायचं, हे मूल अक्षरओळखीआधीच उचलतं.

पेसाह म्हणजे वल्हांडणाच्या रात्री तर सगळा विधीच मुलासाठी रचलेला असतो. आजची रात्र वेगळी का, बिनखमिराची भाकरी का, कडू पाला का, हे धाकट्याने विचारायचं आणि मोठ्यांनी इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेची कथा सांगायची. प्रश्नाला मान देणारी ही रीत मला फार मोलाची वाटते. त्या रात्री वाचायची हगादा ही पोथी 1874 मध्ये पुण्यात हिब्रू-मराठीत छापली गेली. घराबाहेरच्या शिक्षणासाठी मुंबईत बेने इस्रायली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 मध्ये शाळा काढली; तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली.