आधी हिशेब, मग उजेड

अंथरूण पाहून पाय पसरावेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. सूर्यापासून वीज घ्यायची असेल तर मात्र उलटे वागावे लागते. आधी पाय मोजायचे आणि मग अंथरूण शिवायचे.

आमची वस्ती गावापासून दूर, शेतात आहे. विजेची तार तेथवर पोहोचलेली नाही. शेजारच्या वस्तीवर १०० वॅटच्या प्लेटचा तयार संच आणून बसवला. उन्हाळाभर तो उत्तम चालला आणि आषाढात रात्री नऊलाच दिवे मावळू लागले. संचात बिघाड नव्हता. घराला वीज किती लागते, हे विकत देताना कोणी विचारलेच नव्हते.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. परंतु या कामाला शाळेतला गुणाकार-भागाकार पुरतो. उपकरणाचे वॅट गुणिले वापराचे तास म्हणजे वॅट-तास. असे १००० वॅट-तास झाले की एक युनिट होते. धाकट्या बहिणीचे दहावीचे वर्ष. तिला रात्री अकरापर्यंत दिवा हवा. म्हणून ९ वॅटचे ३ एलईडी दिवे ५ तास धरले, त्यांचे १३५ वॅट-तास झाले. ३० वॅटचा डीसी पंखा ८ तास, त्याचे २४०. मोबाइलसाठी २५. एकूण ४००. पंखा ७५ वॅटचा साधा घेतला, तर त्या एकट्याचेच ६०० होतात. म्हणजे पहिली बचत पंख्याच्या निवडीतच आहे.

बॅटरी ही विजेची कणगी होय. शिसे व आम्ल यांची बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ साली तयार केली. तिचाच सुधारलेला प्रकार आजही वापरात आहे. ती वरचेवर पूर्ण रिकामी केली तर लवकर निकामी होते, म्हणून निम्मीच वापरावी. एक दिवस ऊन पडलेच नाही असे धरून आम्ही दोन दिवसांची बेगमी केली : ८०० वॅट-तास. निम्मीच वापरायची, म्हणून १६००. त्याला १२ व्होल्टने भागले की सुमारे १३३ अँपिअर-तास येतात. तेव्हा १५० ची बॅटरी घ्यावी. लिथियमची बॅटरी अधिक खोलवर वापरता येते व जास्त वर्षे टिकते. पण पैसे एकदम मोजावे लागतात.

आता प्लेट. तिच्यावर छापलेले वॅट कडक उन्हातले असतात. आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर अशा उन्हाचे साधारण ५ तास मिळतात. पावसाळ्यात साडेतीनच धरावेत. वीज साठवताना व काढताना काही वाया जाते, म्हणून ४०० मिळवायला सुमारे ५३० तयार व्हावे लागतात. त्यांना ५ ने भागले तर १०६ वॅटची प्लेट पुरते. साडेतीनने भागले तर १५१ ची लागते. शेजारच्या संचाचे घोडे येथेच अडले होते. उपसलेली बॅटरी पुन्हा भरून यावी, म्हणून आम्ही २०० वॅट धरले.

प्लेट आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. तो बॅटरीला गरजेपेक्षा जास्त भरू देत नाही. ६० वॅटला २३० व्होल्टवर पाव अँपिअर पुरतो, १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. म्हणून तार जाड व आखूड असावी आणि बॅटरीजवळ फ्यूज बसवावा. प्लेटचे तोंड दक्षिणेला, उतार सुमारे २० अंश. शेवग्याच्या एका फांदीची सावलीही वीज बरीच घटवते.

ज्याच्याकडे पैसा मुबलक आहे, त्याचा अंदाज चुकला तर तो दुसरी प्लेट आणील. ज्याला सोयाबीनच्या पट्टीतून एकदाच पैसे काढायचे आहेत, त्याला ती सोय नाही. त्याने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी वहीचे एक पान खर्ची घालावे, आणि तो हिशेब श्रावणातले आभाळ डोळ्यांपुढे ठेवून करावा.