केस मऊ, पोलाद कडक. मग ब्लेड बोथट का होतं?

पीएचडीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "पेपरमध्ये वाचलेला नको, तुम्ही स्वतः पाहिलेला एखादा प्रश्न सांगा." मी गप्प. चाळीसेक पेपर वाचून गेलो होतो, पण स्वतःचा प्रश्न एकही नव्हता. गंमत म्हणजे त्याच सकाळी जुन्या ब्लेडने दाढी करताना हनुवटी कापली होती आणि वर लावलेली तुरटी अजून झोंबत होती. चांगला प्रश्न तिथेच होता, मला दिसला नाही एवढंच.

तो प्रश्न असा : केस हा ब्लेडच्या पोलादापेक्षा साधारण 50 पट मऊ असतो. मग काही दाढ्या झाल्या की ब्लेड बोथट का होतं?

माणसाने बराच काळ या प्रश्नाला वळसाच घातला. प्राचीन इजिप्तमध्ये तांब्याचे आणि ब्राँझचे वस्तरे होते, पुढे लोखंड आणि पोलाद आलं. धार गेली की पुन्हा लावायची, हा उपाय मात्र तोच राहिला. आपल्याकडेही न्हावी धोकटीतून वस्तरा काढून आधी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा, मग गालाला लावायचा.

1895 मध्ये अमेरिकेतल्या किंग कॅम्प जिलेट या विक्रेत्याने वेगळा विचार केला. धार लावायचीच कशाला? ब्लेड इतकं स्वस्त करू की वापरून फेकता येईल. एवढ्या पातळ पत्र्याला कडकपणा आणि धार दोन्ही देता येणार नाही, असं जाणकारांनी त्याला सांगितलं. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते जमवलं. 1903 या पहिल्या वर्षी खपले फक्त 51 रेझर आणि 168 ब्लेड. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं, खप हजारोंवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना सामानात रेझर मिळाला आणि घरीच दाढी करायची सवय पसरली. 1960 च्या दशकात स्टेनलेस स्टीलची ब्लेडं आली, 1971 मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज. आज आपल्या सलूनमध्येही वस्तऱ्यासारख्या मुठीत अर्धं ब्लेड बसवतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला नवं घेतात. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, म्हणून ते आवश्यकच आहे.

एवढं सगळं बदललं, पण ब्लेड बोथट का होतं याचं साधं उत्तर सगळे गृहीत धरत होते : घासून घासून धार झिजते.

एमआयटीतल्या (पुण्यातलं नव्हे, अमेरिकेतलं) जानलुका रोशोली या पीएचडीच्या विद्यार्थ्याने ते तपासलं. पद्धत ऐकून हसू येईल. तो स्वतःची दाढी करायचा आणि प्रत्येक दाढीनंतर ब्लेड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचा. झीज झाली असती तर धार सगळीकडे सारखी गोलसर झालेली दिसली असती. दिसलं वेगळंच. धारेचे बारीक टवके उडाले होते, तेही ठरावीक जागीच.

मग त्याने मायक्रोस्कोपच्या आत बसेल असं छोटं यंत्र बनवलं, स्वतःचे आणि लॅबमधल्या मित्रांचे केस घेतले आणि ते कापले जाताना थेट पाहिले. केस ब्लेडला काटकोनात असेल तर टवके उडत नव्हते. केसाला वाकायला मोकळीक असेल तर उडत होते. सहकारी ताहेरी-मूसवी आणि मार्गदर्शक जेम ताशान यांच्यासोबत त्यांनी संगणकावर गणितं मांडली. निष्कर्ष असा की तीन गोष्टी जुळून याव्या लागतात : केस तिरका हवा, पोलादाची आतली रचना त्या जागी एकसारखी नको आणि केसाची कड नेमकी धारेच्या कमजोर जागी यायला हवी. या तिन्ही जमल्या की ताण एका बिंदूवर साचतो आणि मऊ केससुद्धा पोलादाचा तुकडा पाडतो. ऑगस्ट 2020 मध्ये हे 'सायन्स' या नियतकालिकात आलं.

म्हणजे नुसतं पोलाद आणखी कडक करून भागणार नाही, त्याची सूक्ष्म रचना जास्त एकसारखी करावी लागेल. आपल्या हातात आहे ते एवढंच : दाढीआधी दोन-तीन मिनिटं केस कोमट पाण्याने भिजवा. पाणी शोषून केस फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. बिनपाण्याची हजामत कोणालाच नको असते.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी मला यातली एक जागा फार महत्त्वाची वाटते. 'झिजतं' हे उत्तर कोणालाच खटकत नव्हतं, कारण ते पटण्यासारखं होतं. रोशोलीने आधी स्वतःला विचारलं असणार : हे खरं असेल तर मला काय दिसायला हवं? मग तो बघायला गेला आणि ते दिसलं नाही. तुमच्या विषयातही अशी पटणारी, पण कोणी न तपासलेली उत्तरं असतील. पेपर वाचाच, त्याला पर्याय नाही. पण वाचताना जिथे 'हे तर उघडच आहे' असं वाटेल, तिथे समासात एक खूण करून ठेवा. मुलाखतीत मला विचारत होते ते बहुधा हेच.