उभ्या विमानातील उतारू

खंडाळ्याच्या घाटात एस.टी. बंद पडली तर उतारू काय करतात हे आपणांस सांगावयास नको. पहिल्या दहा मिनिटांत पुरुष मंडळी खाली उतरतात, मग लेकुरवाळ्या बायका उतरून सावली पाहतात, आणि अर्ध्या तासाने कोणीतरी चहाची टपरी शोधून काढलेली असते. गाडी अडकते, पण माणसे मोकळी असतात. विमानाचे ह्याच्या उलट आहे. ते जमिनीवर उभे असले आणि टर्मिनलची इमारत खिडकीतून दिसत असली, तरी आतल्या माणसाला उठून दार उघडता येत नाही; आणि उघडू देणे योग्यही नव्हे, कारण खाली शिडी नसते आणि शेजारून दुसरी विमाने जात असतात. विमानात बसणारा मनुष्य आपले स्वातंत्र्य काही काळ दुसऱ्याच्या हवाली करतो. हा काळ लांबला, तर दार उघडण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा? ह्या प्रश्नाचा खल अमेरिकेत पुष्कळ झाला आहे, म्हणून प्रथम तेथील हकीकत सांगतो.

मुळात विमान उभे का राहते? विमानतळावरील गेट म्हणजे रेल्वेच्या फलाटासारखी गोष्ट. ती मोजकीच असतात. बर्फ पडू लागला की सुटणारी विमाने सुटत नाहीत, पण येणारी येतच राहतात, कारण आकाशात घिरट्या घालण्याला इंधनाची मर्यादा आहे. फलाट भरून जातात. इकडे गेटवरून निघालेले विमान उड्डाणाच्या रांगेत असते; ते परत फिरले की रांगेतला नंबर जातो. पंखांवरील बर्फ घालविण्यासाठी जो द्रव फवारतात, त्याचा गुण ठराविक वेळच टिकतो. ती वेळ टळली की पुन्हा फवारणी. शिवाय वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. उतारूंना उतरवून पुन्हा चढवीपर्यंत ती संपली, तर उड्डाणच रद्द होते. म्हणून 'आणखी अर्धा तास वाट पाहू' हा निर्णय प्रत्येक वेळी शहाणपणाचाच वाटतो. माणसांना आठ तास कोंडून ठेवू, असे कोणी म्हणत नाही. अर्ध्या अर्ध्या तासाचा निर्णय सोळा वेळा घेतला जातो, इतकेच.

१९९९ च्या जानेवारीत डेट्रॉइटला हिमवादळ झाले तेव्हा नॉर्थवेस्ट कंपनीची विमाने उतरली खरी, पण त्यांतील उतारू कित्येक तास आतच राहिले. काहींचे साडेआठ तास गेले. अन्न संपले, शौचकूप तुंबले. दावा झाला आणि २००१ साली कंपनीने ७१ लाख डॉलर देऊन तो मिटविला. विमान कंपन्यांनी त्याच १९९९ सालात उतारूंची काळजी घेण्याची वचने दिली, पण त्या वचनांत तासांचा आकडा नव्हता. आकडा नसलेल्या वचनाचे काय होते ते १४ फेब्रुवारी २००७ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर दिसले. हवामान निवळेल ह्या आशेवर जेटब्लू कंपनीने उड्डाणे वेळीच रद्द केली नाहीत, आणि एका विमानातील माणसे दहा तासांहून अधिक वेळ बसून राहिली. कंपनीचे प्रमुख डेव्हिड नीलमन ह्यांनी उघड क्षमा मागितली. न्यूयॉर्क राज्याने त्याच वर्षी कायदा केला, पण २००८ साली न्यायालयाने तो रद्द ठरविला. विमान कंपन्यांच्या सेवेचे नियमन हा संघराज्याचा विषय आहे, राज्याचा नव्हे, असा निवाडा झाला.

परंतु ह्या प्रश्नाचे मर्म मोठ्या शहरात नव्हे, एका लहानशा विमानतळावर उघडे पडले. ७ ऑगस्ट २००९ च्या रात्री ह्यूस्टनहून मिनिआपोलिसला निघालेले एक लहान विमान वादळामुळे मिनेसोटातील रॉचेस्टर येथे उतरविले गेले. आत ४७ उतारू, त्यांत तान्ही मुले. वेळ मध्यरात्रीनंतर साडेबाराची. विमान काँटिनेंटलच्या नावाने एक्स्प्रेसजेट ही कंपनी चालवीत होती. आणि त्या वेळी विमानतळावर माणसे होती ती मेसाबा नावाच्या तिसऱ्याच कंपनीची. विमानाच्या कप्तानाने पुन्हा पुन्हा विनंती केली की, ह्या लोकांना आत घ्या. उत्तर मिळाले की, सुरक्षा तपासणीचे कर्मचारी घरी गेले आहेत, तेव्हा इमारतीत कोणालाही घेता येणार नाही. सकाळी सहाच्या सुमारास दार उघडले. पुढे चौकशी झाली तेव्हा निष्पन्न झाले की, असा नियमच नव्हता. तपासणी झालेल्या उतारूंना इमारतीच्या सुरक्षित भागात बसविता आले असते. कप्तानाचा दोष नाही, असे वाहतूक मंत्री रे लाहूड ह्यांनी जाहीर केले, आणि तिन्ही कंपन्यांना मिळून १,७५,००० डॉलर दंड झाला. त्यांत सर्वांत मोठा वाटा, ७५,००० डॉलरचा, मेसाबाचा होता.

येथे थोडे थांबून पाहू. बर्फ नव्हता, गेटांची टंचाई नव्हती, कोणी दुष्टही नव्हते. तीन कंपन्या होत्या आणि प्रत्येकीला वाटत होते की दार दुसरीच्या हातात आहे. कचेऱ्यांचे उंबरठे झिजविलेल्या आपल्या लोकांना ही भाषा परकी वाटू नये.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकन सरकारने नियम केला आणि २९ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. देशांतर्गत उड्डाणात तीन तासांच्या आत उतारूला उतरण्याची संधी, दोन तासांच्या आत खाणे व पाणी, शौचकूप चालू, गरज पडल्यास वैद्यकीय मदत. मोडल्यास त्या वेळी दर उतारूमागे २७,५०० डॉलरपर्यंत दंड होता. उतरविणे धोक्याचे आहे असे वैमानिकाला वाटले, किंवा परत येण्याने विमानतळाचा कारभार विस्कटेल असे हवाई वाहतूक नियंत्रकांनी सांगितले, तर सूट. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना २०११ साली चार तासांची मर्यादा आली. माझ्या मते ह्यातील सर्वांत मोलाचे कलम दंडाचे नव्हे. प्रत्येक कंपनीने आधीच योजना लिहून ठेवावी, आणि वाट वाकडी करून जेथे उतरावे लागण्याचा संभव आहे अशा विमानतळांशीही ती आधी ठरवावी, हे ते कलम. रॉचेस्टरला नेमके हेच झालेले नव्हते.

परिणाम काय झाला? आदल्या बारा महिन्यांत तीन तासांवर रखडलेली उड्डाणे ६९३ होती. नियमानंतरच्या बारा महिन्यांत ती २० झाली. मात्र २०११ साली अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी कचेरीने दाखवून दिले की, नियमानंतर उड्डाणे रद्द होण्याचे प्रमाण वाढले. हा आक्षेप खरा आहे व तो झटकून टाकू नये. ज्याला आईच्या अंत्यसंस्काराला पोहोचावयाचे आहे, त्याला चार तास कोंडून घेऊनही जाणेच बरे वाटेल. तरीही मी नियमाच्या बाजूचा आहे. विमानातील मधुमेही म्हातारीला ही निवड करावयास कोणी विचारलेच नव्हते. दंडाचा धाक मात्र कागदावर दिसतो तेवढा नाही. मे २०११ मध्ये शिकागोला अमेरिकन ईगल कंपनीची १५ उड्डाणे रखडली, ६०८ उतारू अडकले. पूर्ण दराने १ कोटी ६७ लाख डॉलर झाले असते. झाला नऊ लाख, म्हणजे अठराव्या हिश्श्याहूनही कमी. पुढे २०१६ च्या कायद्याने अशीही सवलत दिली की, विमान उतारूंना सोडण्यासाठी परत वळले की घड्याळ थांबले असे समजावे. दार उघडेपर्यंत ते चालू राहात नाही.

आता विमानाच्या आतले पाहू. डेव्हिड माइस्टर ह्यांनी १९८५ साली रांगेतील वाट पाहण्यावर एक निबंध लिहिला. किती वेळ लागणार हे ठाऊक नसलेली आणि कारण न सांगितलेली प्रतीक्षा अधिक लांब वाटते, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडील कोणत्याही स्टेशनमास्तराला हे शिकवावे लागले नसते! २०११ च्या अमेरिकन दुरुस्तीत दर अर्ध्या तासाला उतारूंना स्थिती कळवावी असे कलम होते. त्यातले अवघड काम असे की, 'आम्हांस अद्याप कळलेले नाही' हेही सांगावे लागते. जे सेवक हे मोकळेपणी सांगतात, पाणी मागण्याची वाट न पाहता फिरवितात, आणि औषध कोणाचे खाली सामानात गेले आहे हे पहिल्या तासातच विचारून घेतात, त्यांच्यावर उतारू खेकसत नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न १४ जानेवारी २०२४ च्या रात्री सर्वांच्या डोळ्यांपुढे आला. गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान आधीच तासन्‌तास उशिरा सुटले होते. दिल्लीच्या धुक्यामुळे ते मुंबईस वळविले गेले. शिडी लागताच उतारू खाली उतरले आणि विमानाशेजारी फरसबंदीवर मांडी घालून जेवू लागले. ते चित्र देशभर फिरले, आणि पुष्कळांना हसूही आले. सुरक्षेच्या दृष्टीने ते धोक्याचे होते ह्यात शंका नाही. पण सरकारने जाब विचारला तो उतारूंना नव्हे. विमानाला इमारतीला लागून जागा न देता लांबची जागा दिली, आणि कंपनी व विमानतळ ह्या दोघांनीही परिस्थितीचा आधी अंदाज घेऊन सोय केली नाही, असे नोटिशीत म्हटले होते. कंपनीला १ कोटी २० लाख रुपये दंड झाला, विमानतळाला एकूण ९० लाख. त्यानंतर दोनअडीच महिन्यांनी नागरी विमान सुरक्षा विभागाने नवी सूचना काढली: विमानात बसल्यावर फार वेळ रखडावे लागले, तर उतारूंना निर्गमन दाराने बाहेर पडू द्यावे.