शेंद्र्याची ऑक्टाविया

जालना रोडने चिकलठाणा मागे टाकलं की पुढे शेंद्रा एमआयडीसी लागते. २००१ च्या अखेरीस तिथल्या एका नव्या कारखान्यातून स्कोडा ऑक्टाविया बाहेर पडू लागली. सुटे भाग परदेशातून पेट्यांत भरून यायचे आणि जोडणी शेंद्र्यात व्हायची. पहिल्या पिढीची ही ऑक्टाविया २०१० पर्यंत भारतात विकली गेली. डिझेलवाल्या गाडीच्या पाठीवर टीडीआय ही अक्षरं असायची. त्यातल्या पहिल्या गाड्या आता पंचविशीच्या घरात आल्या आहेत. तरीही सिडकोत, उस्मानपुऱ्यात, जालना रोडच्या सिग्नलला एखादी अजून दिसते. रंग उडालेला असतो, पण इंजिन ठणठणीत असतं.

छत्रपती संभाजीनगरची ओळख सांगताना लोक मकबरा, पाणचक्की, हिमरू सांगतात. उद्योगांवर गाडी आली तर वाळूजची बजाज. मोटारींवरून शहराचं नाव देशभर गाजलं ते ऑक्टोबर २०१० मध्ये, इथल्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या तेव्हा. सुमारे ६५ कोटींचा तो सौदा होता. त्याची चर्चा अजून निघते. पण मर्सिडीज आपण विकत आणल्या होत्या, ऑक्टाविया आपण जोडली होती. मला विचाराल तर या शहराची गाडी म्हणून जपायला हीच योग्य.

आणि जपणं म्हणजे पॉलिश मारून पोर्चमध्ये उभी करणं नव्हे. या गाडीच्या बाबतीत तर मुळीच नव्हे, कारण तिची खरी किंमत बॉनेटखाली आहे.

ती आली तेव्हा डिझेल मोटार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय यायचं? डिझेल अँबॅसडर: पंधराशे सीसीचं इंजिन, चाळीसच्या आतबाहेर अश्वशक्ती, आणि सुरू केली की आरशातलं चित्र थरथरायचं. १९९८ च्या डिसेंबरात आलेल्या टाटा इंडिकाने डिझेल घरोघर नेलं, पण तिच्या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या उपकप्प्यात फवारलं जायचं आणि तिथून जळत सिलिंडरमध्ये यायचं. ऑक्टावियात ते थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं, वर टर्बोची जोड, आणि किती डिझेल कधी सोडायचं हे संगणक ठरवतो. १८९६ सीसी, ९० अश्वशक्ती, आणि जेमतेम १९०० फेऱ्यांना २१० न्यूटन-मीटर टॉर्क. आकडे बाजूला ठेवा. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कन्नडचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढणारी मोटार तेव्हा नवीनच होती. डिकीही ५२८ लिटरची, म्हणजे लग्नाचा बस्ता मावेल एवढी.

इंजिन मुळात फोक्सवॅगनचं. स्कोडा १९९१ मध्ये त्या समूहात गेली आणि १.९ टीडीआयसुद्धा त्याच वर्षी पहिल्यांदा ऑडी ८० मध्ये बसलं. नंतर ते गोल्फ, पसाट, सेआट अशा अनेक गाड्यांत गेलं. आज ऑक्टाविया तग धरून आहे ती यामुळे. शेंद्र्यातल्या जोडणीच्या रांगेवर आता वेगळ्याच गाड्या आहेत आणि २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर या समूहाने भारतात डिझेल बंदच केलं. पण बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, ग्लो प्लग या गोष्टी जगभर लाखो गाड्यांना लागतात, म्हणून त्या अजून बनतात. अडतं ते दाराच्या कुलपातल्या बारक्या स्विचवर, काच वर-खाली करणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपवर, ग्लोव्ह बॉक्सच्या बिजागरीवर. इंजिन दोन-तीन लाख किलोमीटर सहज काढतं आणि मालक काच वर होत नाही म्हणून गाडी विकायला काढतो.

इथे या शहराचा फायदा होतो. वाळूज आणि चिकलठाण्याच्या शेडमध्ये लेथ, मिलिंग, डायमेकिंगचं काम रोजचं आहे. बुश हवा, पितळेची छोटी बिजागरी हवी, तुटलेला स्टड काढून नवे आटे पाडायचे आहेत, तर ते करून देणारा माणूस गल्लीत सापडतो. जे इथे होत नाही त्यासाठी कुर्ल्याचा भंगार बाजार आहे, दिल्लीत मायापुरी आहे. २०१५ मध्ये हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बडगा उगारला. तिथल्या मालकांचं नुकसान झालं, पण आपल्याकडच्या गाड्यांना दारं, दिवे, डॅशबोर्ड मिळाले.

हवामानही अर्धं साथ देतं. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पत्रा सडत नाही. मुंबईच्या खाऱ्या हवेतून आलेली गाडी लिफ्टवर घेतली की फरक लगेच कळतो. उन्हाचा हिशेब मात्र उलटा आहे. एप्रिल-मेमध्ये छताचं कापड गोंद सोडून लोंबायला लागतं, डॅशबोर्डचं वरचं आवरण चिकट होतं आणि बॉनेटखालच्या बारीक व्हॅक्युम नळ्या टणक होऊन तडकतात. या नळ्यांनी जेवढी माणसं गोंधळात पाडली तेवढी मोठ्या दोषांनी पाडली नसतील. कारण टर्बोला ताब्यात ठेवणारा झडपेचा खेळ या व्हॅक्युमवर चालतो. नळी फुटली की गाडी ओढत नाही, किंवा चढावर अचानक दम टाकते आणि चावी बंद करून पुन्हा चालू केली की शहाण्यासारखी पळते. गिऱ्हाईक म्हणतं टर्बो गेला. नवखा मिस्त्रीही तेच म्हणतो आणि मोठं बिल होतं. जाणता माणूस आधी शंभरभर रुपयांची नळी बदलून बघतो.

गॅरेजमधली बोली निम्मी मराठी, निम्मी दखनी. ‘मिसिंग मारते’, ‘पिकअप गेला’, ‘स्कॅनर लगा के देख’ यांत सगळं निदान येतं. पण या गाडीचं जे मोठं काम, टायमिंग बेल्ट बदलणं, तिथे बोलणं थांबतं.

ते काम जवळून बघण्यासारखं असतं. हा एकच दातेरी पट्टा कॅमशाफ्ट, डिझेल पंप आणि वॉटर पंप तिन्ही फिरवतो. तो तुटला किंवा दोन दाते सरकला तर उघडे वॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि मग हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. आधी इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावतात, कारण उजव्या बाजूचं माउंटिंग काढल्याशिवाय बेल्ट निघत नाही. मग फ्लायव्हीलवरची खूण गिअरबॉक्सच्या छोट्या खिडकीत आणायची. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला एक आडवी खाच असते, तिच्यात पोलादी पट्टी बसवायची. पंपाच्या पुलीतल्या भोकातून पिन आरपार घालायची. आता तिन्ही जागा कुलूपबंद झाल्या.

यानंतरची पायरी बहुतेक जण चुकवतात. कॅमशाफ्टची पुली चावीने अडकवलेली नसते. ती नुसत्या निमुळत्या दांड्यावर घट्ट दाबून बसलेली असते. बोल्ट सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही, आणि मागच्या आवरणातल्या भोकातून पंच घालून हलका ठोका द्यायचा. ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुली मोकळी फिरते. मग नवा बेल्ट चढवायचा, दोन टोकांच्या पान्याने टेन्शनर फिरवून खुणा जुळवायच्या आणि त्यानंतरच पुली आवळायची. हा ठोका टाळून, व्हाइटनरने खुणा करून बेल्ट सरकवून बसवणारेही आहेत. गाडी त्यांचीही सुरू होते. पण थंडीच्या सकाळी पांढरा धूर सोडते, खडखडते, आणि मालक इंजेक्टर बदलत बसतो. नीट काम करणारा शेवटी लॅपटॉप जोडतो, गरम इंजिनावर पंपाचं टायमिंग आलेखात बघतो आणि गरज असेल तर पंपाच्या पुलीचे तीन बोल्ट ढिले करून ते केसभर सरकवतो. पान्याचं आणि संगणकाचं काम एकाच माणसाला येणं ही त्या पिढीच्या गाड्यांची अट आहे. दोन्ही जमणारी माणसं थोडी आहेत आणि वयाने वाढत चालली आहेत.

बेल्टबरोबर वॉटर पंपही बदलायचाच. जुन्या पंपात प्लास्टिकचा पंखा असायचा. तो दांड्यावर सैल झाला की बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि आत पाणी फिरत नाही. आता धातूच्या पंख्याचा मिळतो, तोच घ्यावा.

डिझेलचीही एक भानगड आहे. ही गाडी आली तेव्हा देशातल्या बहुतेक डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत २५०० होती. एप्रिल २०२० पासून ती १० आहे. हवेसाठी उत्तमच, पण डिझेलचा पोत बदलला की जुन्या बॉश पंपातल्या मुरलेल्या रबरी रिंगा आकसतात. पंप पाझरू लागतो, किंवा बाहेर थेंब न दिसता आत हवा ओढतो. बघायला सोपं आहे: फिल्टरकडून पंपाकडे जाणारी नळी पारदर्शक असते. सकाळी गाडी उशिरा सुरू होत असेल तर तिच्यात बुडबुडे पळताना दिसतात. रिंगा स्वस्त असतात. मात्र पंपाचं वरचं डोकं उघडण्याआधी त्याच्या कडेवर सुईने बारीक रेघ ओढावी लागते, कारण ते जिथे होतं तिथेच बसलं नाही तर डिझेलचं मापच बदलतं. ट्रॅक्टरचे पंप आयुष्यभर खोलणाऱ्या कारागिराला ही रेघ सांगावी लागते, आणि एकदा सांगितलं की पुढचं काम तो कंपनीच्या माणसापेक्षा सफाईने करतो.

‘ओरिजिनल’चा हट्ट धरणाऱ्यांशी माझं इथेच जमत नाही. म्युझिक सिस्टीम मूळची, सीटचं कापड मूळचं, आणि इनटेकमध्ये बोटभर काजळी: अशा गाडीला जपलेली कशी म्हणायचं? काजळी खरवडून काढणं हे घाण, काळं, फोटोत न दिसणारं काम आहे. पण गावातल्या गावात, पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत फिरणाऱ्या डिझेलला त्याचीच गरज असते. आणि गाडीला अधूनमधून लांब रस्ता दाखवावा. नगरपर्यंत जाऊन आली की टर्बोच्या आतल्या पात्या मोकळ्या होतात.

जुनी घ्यायची असेल तर ही पहिल्या पिढीची घ्यावी, तिच्या पाठोपाठ आलेली १.९ ची लॉरा नव्हे. लॉरात १०५ अश्वशक्ती आहे, पण तिथे प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर कॅमशाफ्टच दाबतो. चुकीचं ऑइल वापरलं की कॅम झिजतो आणि तो खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

राहता राहिला कागदांचा प्रश्न. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते ती पन्नास वर्षांनंतर. शेंद्र्याच्या पहिल्या गाडीला त्यासाठी २०५१ उजाडेल. तोवर ती सरकारदरबारी नुसती जुनी गाडी. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी एमएच-२० च्या आरटीओत पासिंग, त्यावर पर्यावरण कर, आणि एप्रिल २०२२ मध्ये फेरनोंदणीची फीही ६०० वरून ५००० केली गेली. पीयूसीला धुराची चाचणी असते, आणि ती उभ्या गाडीला पूर्ण रेस देऊन, तीही पुन्हा पुन्हा देऊन घेतात. जुना बेल्ट तुटायला याहून सोयीचा मुहूर्त नाही. म्हणून इथले जुने मिस्त्री पासिंगची तारीख विचारतात आणि त्याच्या आधीच्या महिन्यात बेल्टचं काम धरतात.