ऑफच्या दिवशीची गाडी : भिलाईच्या मोटरसायकलवेडाची चाळीस वर्षं

ब्लास्ट फर्नेस एकदा पेटली की ती रविवार पाळत नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली भट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि तेव्हापासून हे गाव तीन पाळ्यांवर जगतं. जनरल शिफ्टवाल्यांच्या वाट्याला रविवार येतो. बाकीच्यांची सुट्टी रोस्टर ठरवतं. कुणाचा ‘ऑफ’ मंगळवारी, कुणाचा शुक्रवारी. इथल्या मोटरसायकलवेड्यांची गोष्ट सांगायची तर ती या ऑफच्या दिवसापासूनच सांगावी लागते. गेल्या चाळीस वर्षांत गाड्या बदलल्या, रस्ते बदलले, हौसेचा खर्चही वाढला. पण मागे वळून पाहताना एक गोष्ट पक्की जाणवते. या गावाचं गाडीवरचं प्रेम रस्त्यावर दिसलं, पण ते मुरलं क्वार्टरच्या अंगणात, पाना हातात धरून.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पाळी सुटली की गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. त्यात मधूनमधून स्कूटर आणि मोजक्या मोटरसायकली. मोटरसायकल म्हणजे तीनच नावं : राजदूत, येझदी आणि बुलेट. राजदूत गावखेड्याच्या रस्त्याला चिवट, बुलेट वजनदार आणि रुबाबाची, आणि म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून येणारी येझदी तरुणांची लाडकी. तिची किक आत दाबून पुढे वळवली की तीच गिअरचा लिव्हर व्हायची. नवख्याला हे कळेपर्यंत चारदोन दिवस जायचे. राजदूत-येझदी टू-स्ट्रोक, त्यामुळे पेट्रोल भरताना मापानं ऑइल मिसळून घ्यायचं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लग काळा आणि मागे धुराचा लोट. गाडीच्या पोटात काय चाललंय याची जाण ठेवल्यावाचून ती चालवताच येत नसे. चालवणारा आपोआप निम्मा मेकॅनिक व्हायचा.

मग जपानी सहकार्यानं बनलेल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. १९८५ हे त्यातलं मोठं वर्ष. हिरो होंडाची सीडी १०० आली, चार-स्ट्रोक आणि लिटरला ऐंशी किलोमीटरच्या हिशेबाची. पगारदाराच्या घरखर्चात ती अलगद बसली. त्याच वर्षी एस्कॉर्ट्सनं बाजारात आणलेली यामाहा आरएक्स १०० मात्र मनात बसली. ९८ सीसीचं इंजिन, ११ अश्वशक्ती आणि अंगावर वजन जेमतेम शंभर किलो. थ्रॉटल पिळला की ती ज्या झपाट्यानं सुटायची, त्याची चर्चा सिव्हिक सेंटरच्या कट्ट्यावर तासन्‌तास चालायची. १९८३ मध्ये आलेली दोन सिलिंडरची राजदूत ३५० पेट्रोल पिते म्हणून लोक तिच्यापासून दूर राहिले, आणि १९९० च्या सुमारास ती बंद झाली. तेव्हा जी कुणी घेईना, तिच्यासाठी आज माणसं राज्य ओलांडून जातात.

ऑफच्या दिवसाचा खरा सोहळा बुलेटच्या घरी असायचा. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाचे टॅपेट बसवणं हे काम ज्यानं केलंय तो ते जन्मभर विसरत नाही. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. प्लग काढायचा, किक हलक्या हातानं दाबत पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला अगदी वर आणायचा. उजव्या बाजूचं छोटं झाकण काढलं की दोन पुशरॉड दिसतात. पान्यांची जोडी उलटसुलट धरून चेक नट सैल करायचा आणि पुशरॉड चिमटीत धरून फिरवत राहायचं. तो बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली जराही हलता कामा नये. नट आवळताना माप हमखास सरकतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून बघायचं. घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. सैल राहिला तर टकटक साऱ्या गल्लीला ऐकू जाते. “अरे, आधी हात पूस, मग पाना धर,” असं बाबा म्हणायचे तेव्हा त्यात नुसती टापटीप नसे. तेलकट हाताला ते सूक्ष्म ढिलेपण कळतच नाही.

दिवसभर रोलिंग मिलमध्ये किंवा कोक ओव्हनमध्ये यंत्रांची देखभाल करणारे फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन शेजारीशेजारी राहत होते, हे भिलाईचं मोठं भाग्य. एका क्वार्टरमध्ये आंध्रातलं कुटुंब, पलीकडे बंगाली, समोर पंजाबी, कोपऱ्यावर आम्ही विदर्भातून आलेले. गाडी अंगणात उघडी पडली की सगळे जमायचे. कुणी रॉकेलच्या थाळीत कार्ब्युरेटरचे जेट धुवायचा, कुणी पॉलिश पेपरनं पॉइंट घासायचा, कुणी टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरची आतली नळी काढून तिच्यावरची काजळी विस्तवावर जाळायचा. एखादा बुश बाजारात मिळत नसेल तर लाइट इंडस्ट्रियल एरियातल्या लेथवाल्याकडून मापानं करून आणायचे. माप घेण्यात या लोकांची चूक सहसा होत नसे, कारण ते त्यांचं रोजचंच काम होतं. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा आली की गाडीला कुंकू लागायचं, आणि मराठी घरांत दसऱ्याला पुन्हा झेंडूची माळ.

जे इथे मिळायचं नाही ते नागपूरहून यायचं. दुर्ग, राजनांदगाव, बागनदीची सीमा, मग देवरी, साकोली, लाखनी, भंडारा. अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेरचा रस्ता. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्याचा होता, त्यामुळे आमच्या घरांची नातीगोती याच रस्त्यावर पसरलेली. लग्नकार्याला जायचं आणि येताना क्लच प्लेट, पिस्टन रिंग घेऊन यायचं, हा शिरस्ता होता. साकोलीच्या पुढे-मागे नागझिऱ्याचं जंगल सुरू होतं. थंडीत पहाटे तिथून जाताना बोटं गारठायची आणि भंडाऱ्यात वैनगंगेचा पूल आला की चहाला थांबायचं.

नव्वदच्या दशकात यातलं बरंच निसटलं. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि मोटरसायकल घरोघरची झाली. १९९६ मध्ये येझदीचा कारखाना आणि आरएक्स १०० चं उत्पादन, दोन्ही थांबले. धुराचे नियम कडक होत गेले तशी टू-स्ट्रोकची सद्दी संपली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झालं, नंबरप्लेटवर ‘सीजी ०७’ आलं आणि पाठोपाठ २००१ मध्ये पल्सर. तरुणांच्या हाती दीडशे-एकशेऐंशी सीसीची, रोज वापरता येईल अशी दमदार गाडी आली. तिथून ऑफचा अर्थ बदलू लागला. गाडी दुरुस्त करण्यात जाणारा दिवस गाडी फिरवण्यात जाऊ लागला.

आणि फिरायला हा मुलूख उदार आहे. बालोदजवळचा तांदुळा जलाशय अर्ध्या दिवसाचा. दल्ली राजहऱ्याला जाताना माती लाल होत जाते. आमच्या भट्ट्यांना वर्षानुवर्षं लोहखनिज पुरवणारे डोंगर ते हेच. धमतरीपुढे महानदीवरचं गंगरेल धरण, कवर्ध्याकडे भोरमदेवचं दगडी मंदिर आणि पुढे चिल्फी घाट. दोन दिवसांची सुट्टी जुळली तर कांकेरनंतरचा केशकाल घाट चढून जगदलपूर आणि इंद्रावतीवरचा चित्रकोट धबधबा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा उजाडायच्या आत निघून दहाच्या आत परतायचं. वाटेत टपरीवर गरम चीला किंवा फरा, सोबत टोमॅटोची चटणी. हे सगळं ज्याला घडलं त्याला परदेशातल्या रस्त्यांची असूया वाटत नाही.

२००९ मध्ये रॉयल एनफिल्डची क्लासिक आली आणि जुन्या रूपाचं वेड नव्यानं लागलं. नव्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट होते. मोसमाला एकदा करायचं ते काम एका फटक्यात संपलं. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावंही परत आली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या गाड्यांमधला कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. गाड्या निःसंशय चांगल्या झाल्या. सकाळी एका बटणावर सुरू होतात, एबीएसमुळे ओल्या रस्त्यावर जीव वाचतो, धूर कमी झाला. हेल्मेट, जॅकेट, गुडघ्याचं संरक्षण घालून निघणारी आजची मुलं आमच्या पिढीपेक्षा शहाणी आहेत, आणि कॉइलनं लादलेल्या ट्रेलरच्या रांगेतून हायवेवर गाडी काढणाऱ्या प्रत्येकानं तितकंच शहाणं असावं.

पण अंगणातला वर्ग सुटला. मुलं व्हिडिओ बघून चेनला तेल देतात, ब्रेक शू बदलतात, तेही कौतुकाचंच. तरी आवाजावरून दुखणं ओळखणं, बोटांनी ढिलेपण जोखणं हे पडद्यावरून येत नाही. आणि आज त्याची गरज वाढली आहे. १५ वर्षांनंतर गाडीची नोंदणी नव्यानं करावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ३०० रुपयांवरून १००० झालं. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी विंटेजची वेगळी नोंदणी मिळू लागली, तिचा खर्च २०,००० रुपये. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्यानं पंपांवर आलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकी आतून गंजते, जुन्या कार्ब्युरेटरचे रबर फुगतात. जुनी गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत, कॉकचे आणि फ्लोटचे वॉशर वेळेवर बदलावेत, एवढं तरी प्रत्येक मालकाला स्वतःच्या हातानं यायला हवं.

हे शिकवू शकणारी माणसं अजून भिलाईत आहेत, पण थोडी. प्लांटमध्ये महिन्याच्या अखेरच्या दिवशी साठ वर्षांचे लोक निवृत्त होतात. क्वार्टर सोडावं लागतं. कुणी मुलाकडे पुण्याला, कुणी नागपूरला, कुणी आपल्या मूळ गावी जातो. फ्लॅटला अंगण नसतं, म्हणून जुनी येझदी विकली जाते आणि पान्यांची पेटी भंगारात जाते. गाडी विकत घेणारा तिला रंग देतो, क्रोम चढवतो. तिच्या टॅपेटची सवय, कार्ब्युरेटरची खोड त्याला कुणी सांगत नाही.

यावर उपाय आपल्याच हातात आहे. थंडीच्या दिवसांत महिन्यातून एकदा सेक्टरमधल्या एखाद्या मोकळ्या जागेत एक जुनी गाडी उघडावी, एका निवृत्त फिटरनं पाना धरावा, चार तरुणांनी त्याच्याजवळ बसावं. रायडर मंडळींनी वर्षातली एक लांबची सफर कमी करून तो दिवस यासाठी द्यावा. तारीख रोस्टर बघून ठरवावी, म्हणजे पाळीवालेही येतील. गाड्या पुढेही मिळतील, सुटे भागही कुठून ना कुठून मिळतील. शिकवणारे हात मात्र दर महिन्याला गाव सोडत आहेत, म्हणून ही शाळा याच हिवाळ्यात भरायला हवी.