मराठीत लिहिलेलं पत्र थेट स्वित्झर्लंडला पोहोचू शकतं! काय आहे ही मुलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा?

“समजा तुम्ही समुद्र आहात. तुमची काळजी का आणि कशी घ्यावी, हे सांगणारं पत्र कुणाला तरी लिहा.”

2025 साली जगभरातल्या मुलांना हा विषय दिला होता. स्पर्धा भरवणारी संस्था आहे युनिव्हर्सल पोस्टल युनियन, म्हणजेच यूपीयू. देशोदेशीच्या टपाल खात्यांची ही संघटना 9 ऑक्टोबर 1874 रोजी स्थापन झाली. तिचं मुख्यालय स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात आहे. भारत 1876 पासून तिचा सदस्य आहे आणि मुलांची ही पत्रलेखन स्पर्धा 1971 पासून सुरू आहे.

भाग कोण घेऊ शकतं? 9 ते 15 वर्षांची मुलं.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ‘आंतरराष्ट्रीय’ शब्द दिसला की ही स्पर्धा इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठीच असणार, असं अनेक पालक धरून चालतात. प्रत्यक्षात भारतीय टपाल खातं देशपातळीवर ही स्पर्धा घेतं, तेव्हा इंग्रजीसोबत राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषाही चालतात. त्यात मराठी आहे, कोकणीही आहे. म्हणजे झेडपीच्या शाळेतली सातवीतली मुलगीही आपल्या भाषेत लिहून यात उतरू शकते. ही गोष्ट शाळांच्या सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लागायला हवी, पण बहुतेकदा स्पर्धेची बातमीच शाळेपर्यंत उशिरा पोहोचते.

पुढचा रस्ता मात्र अरुंद आहे. आधी टपाल परिमंडळाच्या पातळीवर निवड होते. महाराष्ट्र आणि गोवा यांचं परिमंडळ एकच. तिथून निवडलेली पत्रं राष्ट्रीय पातळीवर जातात आणि शेवटी प्रत्येक देशाकडून फक्त एकच पत्र बर्नला पाठवलं जातं. तिथे आंतरराष्ट्रीय परीक्षक विजेते निवडतात. 2021 मध्ये सुवर्णपदक आपल्या शेजारच्या बांगलादेशातल्या मुलीला मिळालं होतं. त्या वर्षी विषय होता, कोविडचा अनुभव घरातल्या कुणाला तरी पत्रातून सांगण्याचा.

मुलं चुकतात कुठे? पत्राऐवजी निबंध लिहितात. “समुद्र हा निसर्गाचा अनमोल ठेवा आहे” अशी सुरुवात केली की तिथेच घोळ झाला. परीक्षक पत्राचा आकार बघतात: पत्र कुणाला लिहिलंय, मायना आहे का, शेवटी सही आहे का. विषय धरून लिहिलंय का आणि भाषेत स्वतःची कल्पकता आहे का, हेही पाहिलं जातं. समुद्र झालेल्या मुलाने मालवणच्या एखाद्या मच्छीमार काकांना “तुमच्या जाळ्यात हल्ली माशांपेक्षा पिशव्या जास्त का येतात, सांगू?” असं विचारलं, तर ते पत्र वाटतं.

विषय दरवर्षी बदलतो. 2023 मध्ये मुलांना सुपरहिरो होऊन रस्ते सुरक्षित करायचे होते, तर 2024 मध्ये पुढच्या पिढ्यांना पत्र लिहायचं होतं.

अर्ज कधी, कुठे भरायचा याची माहिती टपाल खातं दरवर्षी जाहीर करतं. जवळच्या मुख्य टपाल कार्यालयात चौकशी केली तरी चालेल. ‘ढाई आखर’ हीसुद्धा टपाल खात्याचीच पत्रलेखन स्पर्धा आहे, पण ती वेगळी, त्यामुळे विचारताना ‘यूपीयूची स्पर्धा’ असंच विचारा.