अळणी प्रसाद आणि हार्मोनच्या गोळ्या

कुंभकोणमपासून सहा-सात किलोमीटरवर, तिरुनागेश्वरमला, ओप्पिलियप्पन विष्णूचा नैवेद्य अळणी असतो. मार्कंडेय ऋषींची मुलगी लहान. स्वयंपाकात मीठ किती घालायचं हे तिला कळेना, म्हणून तिला मागणी घालणाऱ्या देवानं मीठच सोडलं, अशी कथा. हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र देवाचं अनुकरण करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर अंगात पाणी साठतं, चेहरा गोल होतो, रक्तदाब आणि साखर चढते. इथे मीठ कमी केलेलं बरं. गोळी सकाळी, खाऊन घ्यावी. उशिरा घेतली की झोप उडते. चेहऱ्याला वैतागून ती एकदम बंद करणं सगळ्यांत धोक्याचं. मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी तोवर सुस्तावलेल्या असतात. डोस टप्प्याटप्प्यानंच उतरवावा लागतो.

अ‍ॅडिसनच्या आजारात, म्हणजे याच ग्रंथी कमी पडतात तेव्हा, सगळं उलटं. शरीर मीठ धरून ठेवत नाही, त्यात कावेरीकाठचा घाम! अशा माणसानं मीठ तोडलं तर चक्कर ठरलेली.

पीसीओएसमध्ये (बीजांडकोशांशी निगडित हार्मोन-विकारात) नको असलेल्या केसांसाठी कधी स्पायरोनोलॅक्टोन देतात. त्यानं पोटॅशियम वाढू शकतं आणि ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियमच असतं. पाकीट वाचावं.

थायरॉइडवाल्यांची अडचण प्रसादाची नाही, कुंभकोणमच्या डिग्री कॉफीची. थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. कॉफीनं ती नीट शोषली जात नाही. अर्धा-पाऊण तास थांबावं. कुंभकोणमात कॉफी दुपारीही मिळते.